नंबर लागला का?



या अंकाचं संपादकीय महिला धोरणावर लिहायचं असं बैठकीत ठरलं होतं. ते पुढच्या अंकावर टाकलं आहे. गेल्या तीन महिन्यांत वस्तीपातळीवरच्या बैठकांत आम्ही विषय काढायचो एक आणि बायका बोलायच्या दुसरंच. कायदा, बचतगट, रेशन, कशावरही बोलणं सुरू झालं तरी पंधरा मिनिटांत गाडी दवाखान्याच्या नंबरावर यायची. पहिल्या दोन वेळा आम्ही "विषयाला धरून बोलू या" असं म्हणालोसुद्धा. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की विषय हाच आहे.

मुकुंदवाडीच्या बाजूच्या एका बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, नंबर लावायला गेलं तर पाणी जातं, अन् पाणी भरत बसलं तर नंबर जातो. मग म्हणलं जाऊ द्या, दुखतंय ते दुखतंय." सगळ्या हसल्या. आपल्याच घरातलं कुणी बोललं की हसू येतं ना, तसं.

बाहेरगावच्या वाचक मैत्रिणींसाठी सांगायला हवं. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तुमच्या-आमच्या तोंडी अजूनही असलेल्या औरंगाबादला, पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येतं. धरण तसं हाकेच्या अंतरावर, पण शहरातल्या कित्येक वस्त्यांनी वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांआड नळाचं पाणी पाहिलेलं आहे. पाणी येईल त्या दिवशी घरातल्या बाईने घर सोडायचं नाही, हा इथला अलिखित नियम. ड्रम, हंडे, बादल्या, शेवटी पातेली. पाण्याची वेळही सांगितलेली असते त्याच वेळी येईल असं नाही. आता सरकारी दवाखान्याची केसपेपरची खिडकी कधी उघडते? सकाळी. बंद कधी होते? दुपारच्या आत. म्हणजे पाणी, डबे, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा चहा-नाश्ता आणि चार घरची धुणी-भांडी हे सगळं ज्या चार तासांत कोंबलेलं असतं, नेमक्या त्याच चार तासांत बाईने आजारी असावं अशी व्यवस्था आहे.

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण ही वेळ ठरवताना बाईचा दिवस कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, हे नक्की. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाकाठी त्यात २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. दोघांमधल्या या २०० मिनिटांच्या फरकात दवाखान्याची एक फेरी बसते. बाईकडे ती मिनिटं नसतात, म्हणून ती दुखणं अंगावर काढते. पुढे दुखणं हाताबाहेर गेलं की डॉक्टर रागावतात, "इतके दिवस काय करत होतात?" काय करत होती, ते सांगायला तिला पुन्हा वेगळा नंबर लावावा लागेल.

आमच्या गटातल्या एका कार्यकर्तीने एका बाईबरोबर जाऊन सगळा हिशोब वहीत मांडला. तक्रार साधी होती, पाळीत फार अंगावर जात होतं. पहिल्या दिवशी केसपेपर मिळाला, पण ओपीडीतला दिवसाचा आकडा भरला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं आणि रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी लिहून दिली. रक्त त्याच दिवशी घेतलं, रिपोर्ट उद्या. सोनोग्राफीची तारीख बारा दिवसांनंतरची. रिपोर्ट दाखवायला पुन्हा नवा केसपेपर, कारण जुना पावसात भिजून त्यावरचं अक्षर गेलेलं. एकूण फेऱ्या पाच, खाडे चार, प्रत्येक फेरीला शेअर रिक्षाचे जाण्या-येण्याचे पैसे, आणि डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष बसायला मिळालेला वेळ सगळा मिळून दहा मिनिटंसुद्धा नाही. औषध मोफत होतं. पण चार खाड्यांमुळे एका घरचं काम सुटलं, ते या 'मोफत'मध्ये कुठे धरायचं?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सारं निःशुल्क झालं. त्याचं आपण स्वागत केलं आणि ते योग्यच होतं. पण बाईच्या वेळेची किंमत शून्य धरली, तरच हा उपचार निःशुल्क ठरतो.

आता त्या खिडकीवर थोडं थांबू या, कारण तिथे जे घडतं त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. खिडकीच्या आत बसलेली व्यक्ती विचारते, "काय होतंय? कुठल्या ओपीडीला?" रांगेत मागे माणसं खेटून उभी. त्यात शेजारच्या गल्लीतलं कुणी, सासरच्या नात्यातलं कुणी. अशा वेळी अंगावरून पांढरं जातं, खाली खाज सुटते, नवऱ्याने लाथ मारली, दिवस गेलेत आणि नको आहेत, यातलं काय मोठ्याने सांगायचं? बाई सांगते, "पोटात दुखतंय." मग तिला मेडिसिनचा कागद मिळतो. तिथे दोन तास बसल्यावर डॉक्टर म्हणतात, "हे आमच्याकडचं नाही, बायकांच्या विभागात जा." तोवर खिडकी बंद. एक पूर्ण दिवस केवळ लाजेपायी गेला. लाज तिची म्हणायची, की तिला चारचौघांत बोलायला लावणाऱ्या खिडकीची? लेडी डॉक्टरलाच दाखवायचं असा आग्रह असलेल्या रोशन गेट भागातल्या मैत्रिणींचे तर याहून जास्त दिवस जातात. त्या ओपीडीत आज कोण बसणार आहे, हे खिडकीवर कुणालाच ठाऊक नसतं.

नंबर या शब्दामागे किती काय दडलेलं असतं, ते आम्हाला खऱ्या अर्थाने कळलं ते एका मैत्रिणीमुळे. तिचं नाव-गाव इथे देत नाही, दवाखान्याचंही नाही. धाकटं मूल अजून अंगावर पीत होतं, त्यामुळे पाळी आलीच नव्हती. दिवस गेल्याचं लक्षात आलं ते फार उशिरा. गोळ्यांवर भरवसा ठेवला होता, तो फसला. दोन मुलं आहेत, तिसरं नको, हा तिचा पक्का निर्णय. आमच्याकडे आली तेव्हा अठरावा आठवडा चालू होता. कायदा तिच्या बाजूने होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक फसलं हे कारण चालतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा फक्त काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना आहे, आणि तिची परिस्थिती त्या यादीत बसत नव्हती. म्हणजे तिच्या हातात दोन आठवडे होते.

तिला सोनोग्राफीची तारीख मिळाली ती एकवीस दिवसांनंतरची.

तारीख देणाऱ्याने काही वाईट केलं नाही. त्याच्यापुढे वही होती, वहीत जी पहिली रिकामी जागा होती ती त्याने दिली. या बाईचा आठवडा कुठला, कायद्याची मुदत कधी सरते, हे विचारण्याचा रकाना त्या वहीत नव्हता. ती घरी गेली. तीन दिवसांनी सहज बोलण्यात ही तारीख आमच्या कार्यकर्तीला सांगितली, म्हणून कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो, ओळखीने एका निवासी डॉक्टरांपर्यंत पोचलो. त्या मुलीने कागद पाहिला, कपाळावर हात मारला आणि दोन दिवसांत सगळं करून दिलं. डॉक्टरपर्यंत पोचल्यावर प्रश्न सुटला. डॉक्टरपर्यंत पोचणं हाच प्रश्न होता.

आपण वर्षानुवर्षं पोस्टरांवर लिहीत आलो की शरीर आमचं, निर्णय आमचा. निर्णय तिने घेतला होता, कायद्याने तो मानलाही होता, आणि एका वहीतली रिकामी जागा तो रद्द करणार होती. अशा किती जणींची तारीख कुणीच पाहिली नसेल? त्यांच्यातल्या काहींनी ते मूल वाढवलं असेल, आणि काही नको त्या माणसाकडे, नको त्या खोलीत गेल्या असतील.

यावर उपाय म्हणून आता ऑनलाइन नोंदणी आली आहे. २०१५ पासून सरकारी रुग्णालयांचे नंबर संगणकावरून घेण्याची सोय केंद्राने सुरू केली, आणि २०२२ पासून कित्येक ठिकाणी मोबाइलने चौकोनी चिन्ह स्कॅन करून केसपेपर काढता येतो. ज्यांना जमतं त्यांचा वेळ नक्की वाचतो, ते नाकारायचं कारण नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनीच कधी तरी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांहून जास्त होतं. त्यानंतर आकडे वाढले असतील. तरी घरातला चांगला मोबाइल कुणाच्या खिशात असतो ते आपण रोज बघतो. तो वाळूजच्या कंपनीत शिफ्टला गेलेला असतो. नोंदणीचा ओटीपी त्या मोबाइलवर जातो. म्हणजे नंबर लागायला नवऱ्याची सवड लागते, आणि बायको दवाखान्यात कशाला गेली हे त्याला तिच्याआधी कळतं. मार खाऊन आलेल्या बाईसाठी याचा अर्थ काय होतो, ते समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार तिने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केली तर तिला वैद्यकीय मदत देणं हे दवाखान्याचं कर्तव्य आहे. पण त्या दवाखान्याचा दरवाजा त्याच्याच फोनमधून उघडणार असेल तर?

खाजगीत काय वेगळं आहे? तिथे सकाळी अमुक ते अमुक या वेळातच फोन करायचा, आणि फोन लागला तर लागला. पुन्हा पुन्हा लावत बसायचं, लागेपर्यंत "आजचे नंबर संपले, उद्या करा." (इंग्लंडमध्ये सकाळी आठला आपल्या डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावण्याची अशीच झुंबड उडते. तिथल्या पेपरांत त्यावर सतत लिहिलं जातं. सधन देशातल्या बाईलाही 'उद्या करा' चुकत नाही, तर!) नंबर लागल्यावर संध्याकाळी सातला बोलावतात, आत घेतात दहाला. त्या वेळी एकट्या बाईने नारेगाव किंवा पडेगावला परतायचं कसं, हा प्रश्न दवाखान्याच्या पाटीवरच्या वेळांत दिसत नाही.

तरीही बाई खाजगीतच जाते, आणि जाण्याचं कारण पुष्कळदा एकच असतं: तिथे एका फेरीत काम होतं. ही एक फेरी किती महाग पडू शकते, हे आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवून दिलं आहे. २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पैशांसाठी सुरी चालवणारे डॉक्टर, कॅन्सरची भीती, मुकादमाची उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड या सगळ्यांवर तेव्हा खूप लिहून आलं, आपणही लिहिलं. पण एक धागा आपल्या हातून तेव्हा सुटला असं आता वाटतं. जिला सहा महिने फडावर राहायचं आहे, जिला "पुढच्या महिन्यात दाखवायला या" हे शब्दच परवडत नाहीत, तिच्यासाठी पुन्हा पुन्हा नंबर लावून गोळ्या-औषधांनी बरं होणं हा पर्याय होता कुठे? कायमचा एकच नंबर लावून मोकळं व्हावं असं तिला वाटलं, आणि ते वाटणं कुणाच्या तरी पथ्यावर पडलं.

डॉक्टर आणि खिडकीवरची माणसं यांना झोडपण्यासाठी हे लिहीत नाही. खिडकीवर बसणारी पुष्कळदा कंत्राटावरची मुलगी असते, आणि तिला स्वतःला बरं नसेल तर तिचाही खाडाच होतो. १९५६ पासून शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचं रुग्णालय म्हणजे आपली घाटी. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा, कुठून कुठून लोक तिच्या भरवशावर येतात. अडलेल्या बाळंतिणीला शेवटी घाटीच घेते, हे आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलं आहे. खालच्या पातळीवरच्या दवाखान्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ नसतील, सोनोग्राफीचं मशीन असून चालवणारं कुणी नसेल, तर ती सगळी रांग वर सरकत येते. मग वरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका एकमेकींवर खेकसतात.

आपल्याही पदरात थोडं माप घालू या. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, त्यामागे स्त्रीसंघटनांचे कष्ट होते. सोनोग्राफीच्या खोलीत काय चालतं हे आपण तेव्हा विचारलं. त्या खोलीच्या दारापर्यंत पोचायला गरीब बाईला किती दिवस लागतात, हे विचारायचं राहून गेलं. कदाचित ते आपल्याला चळवळीचं काम वाटलं नसेल, व्यवस्थापनाचा मामला वाटला असेल. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणींचं ओळखीवर भागतं. परवा मीच माझ्या आईसाठी एका मैत्रिणीला फोन केला आणि रांगेला वळसा घालून आत गेले. लाज वाटली, पण गेले.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत सतरा हक्क आहेत. माहितीचा, गुप्ततेचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा, तक्रार करण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. किती दिवसांच्या आत डॉक्टर तपासतील, असा हक्क मात्र त्या सतरांत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली. तपासणीला तशी मुदत नाही. इंग्लंडची रड वर सांगितली, पण तिथे तज्ज्ञाकडचे उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत असं सरकारने लिहून दिलेलं आहे, आणि किती जणांना ते मिळाले नाहीत याचा आकडा दर महिन्याला छापून येतो. तो आकडा काही चांगला नसतो. पण तो असतो, म्हणून त्यावर भांडता येतं. आपल्याकडे थांबण्याची मोजदादच होत नाही. जी बाई कंटाळून परत गेली ती कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

काय मागायचं यावर गटात दोन बैठका झाल्या आणि वादही झाले. संध्याकाळच्या ओपीडीवर एकमत आहे. ती अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. १ मे २०२३ ला राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू करताना शासनानेच दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ जाहीर केली होती, कारण कष्टकऱ्यांना सकाळी जमत नाही हे त्यांना पटलं होतं. मग आठवड्यातून दोन संध्याकाळी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी का नको? खिडकीपाशी एक आडोसा हवा, जिथे सिस्टर हळू आवाजात विचारेल आणि योग्य कागद देईल. गरोदर बाईला तारीख देण्याआधी "कितवा आठवडा?" हे विचारलंच पाहिजे, त्यासाठी वहीत एक रकाना आखायला खर्च किती येतो? मोबाइलशिवाय नंबर मिळण्याची खिडकी बंद होता कामा नये. वाद झाला तो आशाताईंवरून. काहींचं म्हणणं, नंबर लावण्याचं काम आशांकडे द्यावं. चिकलठाण्याच्या बैठकीत एक आशाताई उठून म्हणाली, "म्हंजे तुमच्या खाड्याऐवजी आमचा खाडा." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. ती सूचना आम्ही मागे घेतली आहे.

निवेदन देण्याआधी आकडे हवेत, आणि ते दुसरं कुणी गोळा करणार नाही. म्हणून या अंकासोबत एक तक्ता जोडला आहे. स्वतःसाठी किंवा कुणाबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा तो भरा. घरून निघालात किती वाजता, खिडकीवर पोचलात किती वाजता, डॉक्टरांसमोर बसलात किती मिनिटं, परत कधी बोलावलं, खाडा झाला का, नंबर कुणाच्या फोनवरून लागला. न तपासून घेता परत आलात तर तोही तक्ता भरा, तो सगळ्यांत महत्त्वाचा. बाईचं नाव लिहू नका. दवाखाना सरकारी की खाजगी एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर गटात येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ. तीन महिन्यांचे तक्ते जमले की ते घेऊन जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि घाटीचे अधिष्ठाता या तिघांकडे जायचं ठरलं आहे. बाहेरगावच्या गटांनी आपापल्या गावचे तक्ते पोस्टाने पाठवले तर ते पुढच्या अंकात एकत्र छापू.

तक्ता कसा भरायचा हे समजावून देणारी पहिली बैठक येत्या शनिवारी दुपारी साडेतीनला मुकुंदवाडीत आहे. त्या भागात शनिवारी पाणी येत नाही, हे विचारून घेतलं आहे.